मत्स्य-आमिष, सागरी

मत्स्य-आमिष, सागरी : समुद्रात गळाने मासे पकडताना त्यांना गळाकडे आकर्षून घेण्यासाठी गळाच्या टोकास अडकविलेला किंवा नुसताच पाण्यात टाकलेला खाद्य पदार्थ. संस्कृतमध्ये आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस असा असून गळास बडिश अशी संज्ञा आहे. कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. कोळंबी, तारली, माकूळ, खेकडे, तिसऱ्या, शिणाणे, वाळूतील कृमी व मोठ्या माशांच्या मांसाचे तुकडे यांचा आमिष म्हणून जगभर उपयोग केला जातो. मासेमारीच्या इतिहासात जाळी, होड्या व बंदरे यांच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. आमिषाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. वास्तविक गळाच्या मासेमारीत दिवसाचा निम्मा वेळ आमिष मिळविण्यात व ते टिकविण्यात जात असे आणि आमिष संपले की भरल्या समुद्रावरूनही होडी परत फिरवावी लागे.

ताजेपणाचे महत्त्व : मासा आमिष शोधतो तो मुख्यतः गंधाने, आणि जवळ आल्यावर दृष्टीने व स्पर्शाने. प्राण्यांच्या पेशींतील मुक्त ॲमिनो अम्ले व बीटाइन ही संयुगे पाण्यात विरघळून पसरतात व माशांची भक्षणाची प्रेरणा जागी करतात. प्राणी मेल्यानंतर पेशींतील एंझाइमे स्वतःच्याच ऊतकांचे विघटन करू लागतात. त्यानंतर जंतूंचे कार्य सुरू होते. सागरी माशांच्या मांसातील ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइडाचे जंतूंमुळे ट्रायमिथिल अमाइन बनते व नासक्या माशाचा परिचित दर्प येतो. तारलीसारख्या तेलकट माशांच्या अन्ननलिकेतील एंझाइमे विशेष क्रियाशील असल्याने त्यांचे पोट काही तासांतच फुटते. असे आमिष गळावर टिकत नाही, लाटेच्या एका हिसक्याने निघून जाते. खेकडे, शिंगाळा यांसारखे काही प्राणी उतरलेल्या आमिषालाही लागतात. पण बहुतेक किंमती मासे ताजे आमिष पसंत करतात. कोळ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्याचे रासायनिक स्पष्टीकरण विसाव्या शतकात मिळाले.

प्राचीन उल्लेख : जपानच्या ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत शिंपल्यापासून घडविलेले सु. २३,००० वर्षांपूर्वीचे गळ सापडले आहेत. गळ होता तेथे आमिष असणारच, परंतु आमिष नाशवंत असल्याने त्याचा पुरावा उरलेला नाही. ग्रीक कवी ऑपिअन याने इ. स. दुसऱ्या शतकात सागरी मासेमारीवर हॅलिएउटिका हे काव्य रचले असून त्यात निरनिराळ्या माशांच्या आमिषांची माहिती आहे. भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरण आहे. समुद्रातील व नदीतील माशांच्या जाती, गळ, दोर व काठी यांबरोबरच माशांना एका जागी चारा घालून सवय लावणे आणि त्यांच्या आवडीनुसार आमिष निवडणे यांचा त्यात विचार केलेला आहे. हा राजविनोदाचा ग्रंथ असल्याने पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याच्या अडचणी त्यात येत नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कायाक व एकट्याची मासेमारी : उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट व अलास्काच्या नैर्ऋत्येकडील अल्यूशन बेटांतील उनांगन लोक वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलसारख्या प्राण्यांची कातडी ताणून बसवीत व अशा अरुंद होडीतून शिकार व मासेमारी करीत. तिलाच कायाक म्हणतात. उनांगनांच्या होडीला रशियन व्यापाऱ्यांनी बैदार्का असे नाव दिले. उनांगन लोक कॉड व हॅलिबट हे मासे हाडाच्या वा लाकडाच्या गळांनी खोल पाण्यातून काढीत. त्या किनाऱ्यावर दोरासाठी केल्प या तपकिरी शैवलाची लांब देठे वाळवून वापरीत. हॅलिबट शंभर किग्रॅ.पेक्षाही जड असू शकतो. तेवढा मासा जिवंत स्थितीत अरुंद होडीजवळ आणणे धोक्याचे असल्याने तो सोट्याने मारून मगच वर घेत. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरील ट्लिंगिट लोक यासाठी लाकडी होड्या वापरीत. हॅलिबटसाठी ते अष्टपादाचे मांस गळाला घट्ट बांधून लावीत. ही निवड मार्मिक आहे. अष्टपादाचे मांस चिवट असते, थंड पाण्यात बराच वेळ टिकते आणि लहान माशांना ते सहजासहजी कुरतडता येत नाही. त्या प्रदेशात हवेतील थंडीमुळे आमिष आपोआप राखले जाई. उष्ण कटिबंधात मात्र हाच प्रश्न सर्वांत बिकट ठरतो.

शिणाण्यांचा व्यवसाय : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात हॅडक वगैरे माशांसाठी लांब दोराची मासेमारी चाले. एका दोराला हजार-बाराशे गळ असत व प्रत्येक गळास बहुधा दोन शिणाणे लावीत. म्हणजे एका माणसाच्या एका फेरीसाठी दोन हजारांहून अधिक शिणाणे फोडावे लागत. हे काम स्त्रिया व मुले करीत. ओहोटीच्या वेळी थंड चिखलातून शिणाणे गोळा करणे, सुरीने ते उघडणे, गळाला लावणे आणि दोर पसरट टोपलीत गवताचे थर देत अशा रीतीने रचणे की समुद्रावर तो गुंता न होता सुटावा, यात रोजचे कित्येक तास जात. विणकाम वा शेती करणाऱ्या घरातील मुलगी कोळ्याला पत्नी म्हणून उपयोगी पडत नाही असे त्या गावांत मानले जाई, ते याच कारणाने. समुद्रावर गेलेल्या पुरुषांची नावे नोंदींत मिळतात. किनाऱ्यावर आमिष लावणाऱ्या स्त्रियांचे श्रम मात्र हिशेबात धरलेले क्वचित आढळतात.

आणलेले शिणाणे लगेच वापरले नाहीत, तर भरतीचे पाणी येणाऱ्या जागी पसरून ठेवीत. असे पाणी मिळाले की ते बरेच दिवस जिवंत राहतात. जवळचे साठे संपल्यावर क्लाइड व टे नद्यांच्या मुखांकडून रेल्वेने शिणाणे आणावे लागले. त्यांच्या किंमती वाढल्या व साठ्यांवर हक्क कोणाचा यावरून जमीनदार व कोळी यांच्यात तंटे झाले. १८८० नंतर आलेल्या वाफेच्या ट्रॉलरांनी हा प्रश्न निराळ्याच प्रकारे सोडविला. ओढजाळ्याला आमिष लागतच नाही. ट्रॉलरांच्या यशाचे हे कारण एंजिनाइतकेच महत्त्वाचे होते.

न्यू फाउंडलंडमधील आमिषाचा वाद : आमिषासाठी राष्ट्राराष्ट्रांत तंटे झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण उत्तर अटलांटिकमधील कॉडच्या मासेमारीचे आहे. न्यू फाउंडलंडच्या आग्नेयीस असलेल्या ग्रँड बँक्स या उथळ सागरी पठारावर अमेरिकन, फ्रेंच व कॅनडियन जहाजे जात. १८५० नंतर जहाजावरून डोरी नावाच्या सपाट तळाच्या लहान होड्या सोडून एक-दोन माणसांनी शेकडो गळांचा दोर टाकण्याची पद्धत रूढ झाली. गळांची संख्या वाढली तशी आमिषाची गरजही वाढली. न्यू इंग्लंडचे कोळी आरंभी मेन राज्यातील खारविलेल्या शिंपल्यांचे मांस पिंपांत भरून नेत. ते टिके, परंतु शेजारच्या जहाजावर ताजे हेरिंग असेल, तर खाऱ्या आमिषाला मासे लागत नसत. त्यामुळे एकाने ताजे आमिष आणले की इतरांनाही ते आणणे भाग पडे.

हे ताजे आमिष न्यू फाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील उपसागरांत मिळे. वसंतात हेरिंग, जून-जुलैमध्ये अंडी घालण्यासाठी किनाऱ्याच्या वाळूवर येणारे कॅपेलिन आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून माकूळ असा त्याचा क्रम असे. माकूळ ज्या वर्षी येत नसे त्या वर्षी हंगाम बुडे. जहाजे आमिष बर्फात रचून नेत. बर्फातही ते दोन-तीन आठवड्यांपलीकडे चांगले राहत नसल्याने एका हंगामात पुनःपुन्हा बंदरात यावे लागे. या फेऱ्यांत बराच काळ वाया जाई. उलट किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांना त्यातूनच रोख पैसा मिळे. १८५० नंतरच्या दशकात हिवाळ्यात उघड्यावर नैसर्गिक रीत्या गोठविलेले हेरिंग मॅसॅचूसेट्समधील ग्लॉस्टर बंदराकडे नेण्याचा व्यापारही सुरू झाला.

ब्रिटन व अमेरिका यांच्यातील १८१८ च्या करारानुसार अमेरिकन कोळ्यांना ब्रिटिश वसाहतींच्या बहुतेक बंदरांत आसरा, दुरुस्ती, लाकूड व पाणी एवढ्यापुरताच प्रवेश होता. आमिषाचा त्यात उल्लेख नव्हता. एका साध्या यादीतून सुटलेल्या या वस्तूने पुढे जवळजवळ शतकभर वाद माजविला. ६ जानेवारी १८७८ रोजी फॉर्च्यून उपसागरात रविवारी हेरिंगसाठी टाकलेली अमेरिकन जाळी स्थानिक लोकांनी उद्ध्वस्त केली. त्याबद्दल ब्रिटनने १८८१ मध्ये १५,००० पौंड भरपाई दिली. मे १८८६ मध्ये नोव्हा स्कोशातील डिग्बी येथे आमिष विकत घेतल्याच्या आरोपावरून डेव्हिड जे. ॲडम्स हे अमेरिकन जहाज कॅनडाने जप्त केले. १८८८ मध्ये तात्पुरती तडजोड होऊन दर टनास दीड डॉलर वार्षिक शुल्क भरणाऱ्या अमेरिकन जहाजांना आमिष खरेदीचा परवाना मिळू लागला. मूळ वादाचा निवाडा हेग येथील लवादाने १९१० मध्ये केला.

फ्रेंचांशी झालेला संघर्ष अधिक बोधप्रद आहे. फ्रेंच सरकार आपल्या कोळ्यांना अनुदान देई, त्यामुळे यूरोपच्या बाजारात न्यू फाउंडलंडचा खारा कॉड स्वस्त फ्रेंच मालापुढे टिकत नसे. हे कोळी सेंट प्येअर व मीकलाँ या बेटांवरून निघत आणि आमिष मात्र न्यू फाउंडलंडच्याच लोकांकडून घेत. तेव्हा आमिषच रोखावे म्हणून वसाहतीच्या विधिमंडळाने १८८६ मध्ये कायदा केला. ब्रिटिश सरकारने त्यास प्रथम संमती दिली नाही. १८८७ मध्ये तो पुन्हा मंजूर होऊन १८८८ पासून अंमलात आला. सेंट जॉन्सच्या व्यापाऱ्यांना जो उपाय अचूक वाटला, तो दक्षिण किनाऱ्यावरील लोकांच्या मुळावर आला. त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक गेले, चोरटी विक्री वाढली, आणि गस्तीचा खर्च सरकारला सोसावा लागला. फ्रेंचांनी दरम्यान पर्याय शोधला. ग्रँड बँक्सच्या तळावरच व्हेल्क हे शंखधारी प्राणी भरपूर होते. आमिष लावलेल्या जाळ्या तळाशी सोडून ते गोळा करावयाचे व त्यांचे चिवट मांस कॉडसाठी वापरावयाचे, अशी पद्धत त्यांनी बसविली. अशा रीतीने बंदरात येण्याचे त्यांना कारणच उरले नाही. कायद्याचा मूळ हेतू बहुतांशी निष्फळ ठरला असेच म्हणावे लागते.

जिवंत आमिष : मालदीव व त्याच्या उत्तरेस असलेले लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेट येथे कुप्पा (ट्यूना) वर्गातील मासे काठी व गळाने पकडण्याची परंपरा फार जुनी आहे. १३४३ च्या सुमारास मालदीवमध्ये आलेल्या इब्न बतूताने तेथील वाळविलेल्या माशांच्या परदेशी व्यापाराचा उल्लेख केला आहे. या पद्धतीत गळाला आमिष नसते. गळ चकचकीत व बिनकाट्याचा असतो. आमिष म्हणून जिवंत लहान मासे मूठमूठ समुद्रात फेकतात व होडीवरून पाणी शिंपडतात. कुप्पा माशांचा थवा चेकाळून दिसेल त्यावर झडप घालतो व मासे भराभर वर ओढता येतात. मेलेले मासे फेकून हे साधत नाही, कारण ते नुसतेच बुडतात. जिवंत मासे आसऱ्यासाठी होडीकडे धावतात व थवा तेथे खिळून राहतो.

यासाठी प्रवाळद्वीपांच्या खाजणात पहाटे बारीक जाळ्यांनी चंदेरी रंगाचे स्प्रॅट, फ्युझिलिअर, कार्डिनल मासे इ. पकडतात. ते जिवंत नेण्याची युक्ती होडीच्या बांधणीतच असते. होडीच्या मध्यभागी एक हौद राखून त्याच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. भोके उघडली की समुद्राचे ताजे पाणी आत येते. वाढलेले पाणी खलाशी सतत उपसून टाकतात. हौद रिकामा असला की भोके खुंट्यांनी बुजवितात. ज्या होडीत पाणी शिरू न देणे हे पहिले कर्तव्य, तिच्याच तळाला हेतुपूर्वक छिद्रे पाडण्याचा हा विचार धाडसाचा आहे. त्यामागील तत्त्व साधे आहे. ३० से. तापमानाच्या सागरी पाण्यात लिटरमागे फक्त सु. ६ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो (१० से. ला सु. ९ मिग्रॅ.); थव्याने कोंडलेले मासे तो लवकर संपवितात व त्यांनी उत्सर्जित केलेला अमोनिया साठतो. पाणी बदलत ठेवणे हाच त्यावर उपाय होय. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर ही मासेमारी १९६० नंतर यांत्रिक होड्यांमुळे पसरली. मालदीवमध्ये यांत्रिकीकरण १९७४ पासून झाले. होड्या वाढल्या, पण आमिष-माशांची उपज प्रवाळांवरच अवलंबून राहिली. १९९८ मध्ये समुद्र तापल्याने या भागातील प्रवाळांची मोठी हानी झाली. मालदीवमध्ये आता आमिष पुष्कळदा रात्री दिव्यांच्या प्रकाशात पकडतात.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोची कुप्पा पकडणारी जहाजेही पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून जिवंत आमिष नेत. त्यांच्या टाक्यांत पंपाने पाणी खेळविले जाई. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर ती अँचोव्हेटा हे मासे पकडीत. कोस्टा रीकाच्या निकोया आखातातील त्यांचा साठा १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खालावला. १९४९ मध्ये अमेरिका व कोस्टा रीका यांच्या करारातून कुप्पा माशांसाठी जो आंतर-अमेरिकन आयोग स्थापन झाला, त्याच्या कार्यकक्षेत आमिषाच्या माशांचाही स्पष्ट समावेश होता.

टिकविण्याच्या पद्धती : मीठ, बर्फ व अतिशीतन हे तीन मुख्य मार्ग होत. मीठ मांसातील पाणी शोषून ते घट्ट करते. तारलीचे तुकडे जाड्या मिठात एक दिवस ठेवल्यास गळावर चांगले बसतात, मात्र गंध कमी होतो. बर्फ वापरताना वितळलेले गोडे पाणी आमिषास लागू न देणे महत्त्वाचे असते. त्याने माकुळाचे मांस पांढरे फटक व बेचव होते आणि सागरी कृमी तर मरतातच. सावकाश गोठविल्यास मांसात मोठे हिमस्फटिक बनून पेशी फाटतात व वितळल्यावर ते लिबलिबीत होते. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय यांनी लॅब्रॅडॉरमध्ये (१९१२–१५) इन्युइट लोकांचे क्षणार्धात गोठणारे मासे पाहिले व १९२० नंतर जलद अतिशीतनाचे तंत्र व्यापारी स्वरूपात आणले. त्यानंतर शीतगृहातील आमिष वर्षभर मिळू लागले व बंदरांवरील अवलंबित्व कमी झाले. एकदा वितळलेले आमिष पुन्हा गोठविणे अनिष्ट असते.

आधुनिक कायाक : १९७० नंतर कॅलिफोर्नियात वर उघडे बसावयाच्या, बुडणार नाहीत अशा कायाक प्रचारात आल्या व पुढे त्या प्लॅस्टिकच्या बनू लागल्यावर समुद्रातील छंद-मासेमारीस त्यांचा उपयोग होऊ लागला. लाकडाचे ओंडके बांधून केलेले तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कट्टुमरम् हे तत्त्वतः अशाच प्रकारचे आहे. त्यावरही कोळी उघड्यावर बसतो, पाणी खालून वर येऊन निघून जाते आणि आमिष ठेवण्यास आडोसा नसतो. कायाकवर वजनाचा प्रश्न निर्णायक ठरतो. वीस लिटर समुद्राचे पाणी सु. साडेवीस किग्रॅ. भरते आणि ते हिंदकळले की तोल जातो. म्हणून जिवंत मासे न्यावयाचे असल्यास थोडेच नेतात; हौद गोल घेतात, कारण कोपऱ्यात मासे नाक घासून जखमी होतात; किंवा भोके पाडलेली नळी पाण्यात ओढत नेतात. ओढण्याचा वेग अधिक झाल्यास मासे दमून मरतात. खेकडे व शिणाणे ओल्या गोणपाटात वा शैवलात हौदाविना जिवंत राहतात, त्यामुळे अशा होडीला ते सोयीचे असतात. मृत आमिष लहान पुड्यांत बांधून, उष्णतारोधक डब्यात बंद बाटल्यांतील बर्फावर ठेवतात व एका वेळी एकच पुडी उघडतात. रक्त व पाणी होडीवरून सांडू देत नाहीत. मुशी असलेल्या पाण्यात ही दक्षता विशेष आवश्यक असते. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांवर बसून गरवणारे कोळंबी व माकूळ ओल्या फडक्यात सावलीत ठेवतात, ती रीत कायाकवरही चालण्याजोगी आहे.

आमिषाच्या वाहतुकीचे धोके : आमिष एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेल्याने परके जीव व रोग पसरू शकतात. मेन राज्यातून जिवंत कृमी शैवलात बांधून पाठविले जातात. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरात सापडलेला यूरोपीय हिरवा खेकडा या मार्गानेही आला असावा असा तर्क आहे. ऑस्ट्रेलियात १९९५ आणि १९९८–९९ मध्ये हर्पिस वर्गातील व्हायरसाने तारलीच्या जातीचे मासे प्रचंड संख्येने मेले. आयात केलेल्या गोठविलेल्या तारलीवर संशय घेण्यात आला, परंतु तो सिद्ध झाला नाही. २०१६ मध्ये क्वीन्सलंडमधील कोळंबीच्या शेतांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उद्भवला, तेव्हाही आमिष म्हणून वापरलेल्या आयात कच्च्या कोळंबीकडे बोट दाखविले गेले. गोठविल्याने हा व्हायरस नष्ट होत नाही. त्यामुळे खाण्यासाठी विकत घेतलेली परदेशी कोळंबी गळाला लावू नये, असे तेथील मत्स्यव्यवसाय खाते सांगते, आणि ज्या पाण्यात मासे धरावयाचे तेथीलच आमिष वापरावे असा आग्रह धरला जातो.